आमचे हे कौलावर अडकले त्याची गोष्ट

"बाई, काल तुमच्याकडे काय झालं हो? आमचे म्हणत होते, भावोजी तासभर कौलावर बसून होते. नवसबिवस केला होता की काय?"

वैनींना गडग्यापलीकडून बोलायचं असलं की हातात काहीतरी लागतं. त्या दिवशी आठळ्यांचं सूप होतं. सूप जांभ्यावर टेकलं की समजावं, आता अर्धा तास हलत नाहीत. मीही कढीपत्ता तोडायचं निमित्त काढून आलेच होते. गोष्ट गावभर होणारच आहे, तर निदान आपल्या तोंडून व्हावी.

झालं ते असं. मे संपत आला तरी आमच्या मागल्या पडवीची शाकारणी राहिली होती. दरवर्षी येणारा गडी मुलाकडे मुंबईला गेलेला. ह्यांनी खालून वर पाहिलं, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाले, "त्यात काय एवढं? बारा फूट तर आहे." मी म्हटलं, वय सत्तर आहे. तर म्हणे, वयाचा आणि बारा फुटांचा काय संबंध! शिडी लावली, भराभर चढले, सात फुटकी कौलं बदलली, एक धड होतं ते फोडलं. मग उतरायचं म्हणून वळले, खाली पाहिलं, आणि वाशाला धरून बसले ते बसलेच.

"अगं, शिडी कोणी बदलली?"

"कोण बदलणार?"

"मग ही आखूड कशी झाली? जमीन कुठे गेली बघ! अठरा फूट आहे हे, अठरा!"

वैनी इतक्या हसल्या की सुपातल्या दोन आठळ्या आमच्या बाजूला पडल्या. त्या मी परत दिल्या नाहीत.

"खरं सांगू वैनी, मीही हसलेच. पण पुण्याची पुतणी आंबे खायला आली आहे ना, ती सायकॉलॉजी शिकते. ती म्हणाली, काकू, हसू नकोस. काका बाता मारत नाहीयेत, त्यांना खरंच अठरा फूट दिसतंय."

"दिसतंय म्हणजे? फूट काय वर गेल्यावर बदलतात?"

"माझाही हाच प्रश्न. तर म्हणाली, अमेरिकेत व्हर्जिनिया विद्यापीठात स्टेफानुची आणि प्रॉफिट अशा दोघांनी हेच तपासलंय. त्यांचा लेख २००९ सालचा. माणसांना सज्जाच्या खाली उभं करून विचारलं, हा किती उंच? मग सज्जावर उभं करून विचारलं, जमीन किती खाली? दोन्ही वेळा लोक जास्तच सांगतात, पण वरून बघताना फारच जास्त. आणि जो जितका घाबरणारा, त्याचा आकडा तितका फुगलेला. त्याच्या आदल्या वर्षी त्यांच्याच गोटातल्या मंडळींनी घाबरणारे आणि न घाबरणारे असे दोन गट करून दोन मजली सज्जावर नेले होते. सज्जा तोच, पण घाबरणाऱ्यांना तो जास्त उंच."

वैनींनी एक आठळी सोलली. त्यांना पटलं नसलं की त्या सोलतात.

"अहो, घाबरट माणूस वाढवूनच सांगणार. आमच्या सासूबाईंनी पाहिलेला साप दरवर्षी हातभर वाढायचा."

"म्हणून तर त्यांनी आकड्यावर भिस्त ठेवली नाही. वरच्या माणसाला सांगायचं, हा एक जण मागे मागे चालत जाईल. जितकी खोली वाटते तितकाच तो लांब गेला की थांब म्हण. इथे फूट नाहीत, मीटर नाहीत, नुसता डोळा. तरीही तेच. आणि पोरीने काय करावं? हे वर अडकलेले असताना हाच उद्योग ह्यांच्यावर केला! मागल्या दारी भिंतीपासून मागे मागे चालत गेली आणि म्हणाली, काका, सारखं वाटलं की सांगा. हे आधी चिडले. मग दुसरं करण्यासारखं काही नव्हतं म्हणून लक्ष देऊन बघू लागले. ती पपईच्या झाडाशी पोचली तेव्हा कुठे 'थांब' म्हणाले."

"पपई तर केवढी लांब आहे तुमची!"

"तेच तर. हे खाली उतरल्यावर रहाटाचा दोर काढला. एक टोक वळचणीशी धरलं, जमिनीला टेकलं तिथे गाठ मारली. मग तोच दोर भिंतीपासून पपईपर्यंत आडवा धरला आणि दुसरी गाठ मारली. टेपने मोजलं. पहिली गाठ साडेअकरा फुटांवर, दुसरी अठराच्या जरा पुढे. खालून बारा म्हणाले होते, म्हणजे अंदाज काही वाईट नव्हता. माणूस तोच, पडवी तीच, मध्ये फक्त शिडी चढून झाली."

वैनी जरा गप्प झाल्या. हे दुर्मीळ आहे म्हणून नोंदवून ठेवते.

मग हळूच म्हणाल्या, "मग आमच्या ठाण्याचं काय ते तरी विचारा तिला."

वैनींच्या मुलाने ठाण्याला एकोणिसाव्या मजल्यावर जागा घेतली, हे गावात सगळ्यांना ठाऊक आहे. वैनी महिनाभर राहायला गेल्या आणि नवव्या दिवशी परतल्या, हेही ठाऊक आहे. सुनेशी बिनसलं असणार, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी स्वतः तीन घरी तसं सांगितलंसुद्धा. आता कळलं, भांडण सुनेशी नव्हतं, गॅलरीशी होतं.

"कपडे वाळत घालायला गेले की पायाखालची फरशी हलायची हो. शप्पथ सांगते. कठड्याला धरलं तर कठडाच बाहेर चाललाय असं वाटायचं. सुनेला काय सांगणार? मोठी बाई, लहान मुलासारखी! शेवटी गॅलरीच्या दारात पाट मांडून बसायला लागले. बसलं की मात्र काही नाही. भाजी निवडायचे, खालच्या गाड्या बघायचे."

पुतणी तेवढ्यात हातात आंबा घेऊन आलीच. तिने ऐकलं आणि म्हणाली, "काकी, तुम्ही बसलात हे एखाद्या डॉक्टरने सांगितल्यासारखं केलंत."

तिने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते, कारण तिच्या बोलण्यात दर चार शब्दांनी इंग्रजी येतं. आपण सरळ उभे आहोत असं आपल्याला वाटतं, पण अंग सतत थोडं थोडं डुलत असतं. तोल सांभाळणारी तीन खाती आहेत: कानाच्या आतलं एक, तळपाय आणि सांध्यांचं एक, आणि डोळ्यांचं. डोळ्याला आपलं डुलणं कळतं ते जवळच्या वस्तूंवरून. खांब समोर हातभर असेल तर अंग बोटभर हललं तरी खांब सरकल्यासारखा दिसतो आणि पाय आपोआप सावरून घेतात. एकोणिसाव्या मजल्यावर कठड्यापलीकडे पाहिलं तर सगळ्यात जवळची वस्तू कितीतरी मीटर लांब. अंग बोटभर हललं, तरी एवढ्या लांबच्या चित्रात काही फरक दिसत नाही. डोळा म्हणतो, सगळं स्थिर आहे. कान आणि पाय म्हणतात, अहो आपण हलतोय. अशा वेळी डोकं गरगरलं नाही तरच नवल. जर्मनीत म्युनिकला थॉमस ब्रांट नावाचे मेंदूविकारतज्ज्ञ आहेत, त्यांनी सहकाऱ्यांबरोबर १९८० सालीच हे गणित मांडलं. उपायही साधे. बसा, नाहीतर भिंतीला टेका. चौकटीसारखं काहीतरी जवळचं, स्थिर असं नजरेच्या कडेला राहू द्या. खाली धावणाऱ्या गाड्यांकडे उभ्याने टक लावून बघू नका.

"म्हणजे मी भित्री नाही?"

"थोड्या आहात," पुतणी म्हणाली. आजकालच्या मुलींना खोटं बोलायची सवय नाही. "पण एकट्या नाही. जर्मनीत साडेतीन हजार लोकांना विचारलं होतं. शंभरातले अठ्ठावीस म्हणाले, उंचावर आम्हाला होतो असा त्रास. बायकांत बत्तीस, पुरुषांत पंचवीस."

"पुरुषांतही बत्तीसच असणार," वैनी म्हणाल्या. "उरलेल्या सातांनी कबूल केलं नसेल."

मला मात्र ते ऐकताना आमच्याकडे नारळ पाडायला येतो तो मुलगा आठवला. चाळीस-पन्नास फूट माडावर जातो आणि वरून गप्पा मारतो. त्याच्या नाकासमोर वीतभर अंतरावर माडाचं खोड असतं सारखं! डोळ्याला धरायला एवढं जवळचं दुसरं काय असणार? त्यालाच वैनींच्या मुलाच्या गॅलरीत उभं केलं तर काय होईल, मला बघायचं आहे. अर्थात तो लहानपणापासून चढतोय, ते निराळंच.

"लहानपणापासून म्हणाल तर आमच्या नातवाला भीती कशी ती नाहीच," वैनी म्हणाल्या. "रांगत रांगत ओटीच्या कडेला येतो आणि थांबून माझ्याकडे बघतो."

पुतणीने आंब्याची कोय गडग्यावर ठेवली. "काकी, थांबून बघतो ना? त्यावर तर केवढा मोठा प्रयोग झालाय!"

कॉर्नेल विद्यापीठात एलेनॉर गिब्सन नावाच्या बाई होत्या. त्यांनी रिचर्ड वॉक यांच्याबरोबर एक मोठं काचेचं टेबल केलं. अर्ध्या काचेला खालून चौकड्यांचं कापड चिकटवलेलं, उरलेल्या अर्ध्यात तेच कापड खाली जमिनीवर. काच सलग, पण मध्यापासून पुढे कडा तुटल्यासारखा दिसायचा. सहा ते चौदा महिन्यांची छत्तीस बाळं मधल्या फळीवर ठेवली आणि आया दोन्ही बाजूंनी बोलवायला उभ्या. सत्तावीस बाळं फळीवरून हलली, उथळ बाजूला आनंदाने गेली. खोल बाजूच्या काचेवर उतरली फक्त तीन. आई समोरून बोलावतेय, काच हाताला घट्ट लागतेय, तरी नाही. हे छापून आलं १९६० साली.

वैनींना पटलं ते पुढचं. १९८५ साली दुसऱ्यांनी वर्षावर्षाची बाळं घेऊन कडा अगदी थोडासा ठेवला, फूटभर. धड खोल नाही, धड उथळ नाही. बाळ कडेला येतं, थांबतं, आईच्या तोंडाकडे बघतं. आई हसली तर एकोणीसपैकी चौदा बाळं पलीकडे गेली. आईने घाबरलेला चेहरा केला तर सतरापैकी एकही गेलं नाही.

"म्हणजे मी ओरडते तेच बरोबर!" वैनींनी स्वतःच्या सोयीचं तेवढं घेतलं. "सून म्हणते, ओरडू नका, तो भित्रा होईल."

या वादात मी पडले नाही. गडगा दोन्ही बाजूंनी सारखाच उंच असतो.

दुसऱ्या दिवशी वैनींचे यजमान, भाऊ, स्वतः गडग्याशी आले. वैनींनी त्यांना रात्री सगळं ऐकवलं असणार. भाऊ एसटीत कंडक्टर होते, लोकांचं बोलणं सुट्टे पैसे मोजावेत तसं मोजून घेतात.

"बाई, हे तुमचं दिसणं-बिसणं मला काही पटत नाही. माणसाला विचारलं की तो समोरच्याला काय हवंय ते ओळखतो आणि तसं बोलतो."

पुतणी म्हणाली, असं म्हणणारे संशोधकही आहेत आणि ते लहानसहान नाहीत. फ्रँक डर्जिन यांनी २००९ साली दाखवलं की पाठीला जड पिशवी देऊन लोकांना विचारलं, समोरचा चढ किती, तर ते जास्त सांगतात. पण पिशवीत यंत्र आहे, ते तुमचे स्नायू मोजतंय, असं कारण आधीच सांगून टाकलं तर ती वाढ दिसेनाशी होते. म्हणजे पिशवी कशाला दिली असेल हे ओळखून लोक उत्तर देत होते. भाऊंची मान विजयाने हलली. पण उंचीच्या भीतीचं तेवढ्यावर निकाली निघत नाही, असं मला आपलं वाटतं. आमच्या ह्यांना वर बसून कोणाला खूश करायचं होतं? आणि पोरगी मागे मागे चालत कशाला निघालीय हे ह्यांना कुठे माहीत होतं!

भाऊंनी वेगळा प्रश्न काढला. "बरं, मग भावोजी उतरले कसे शेवटी?"

हा प्रश्न वैनींनी विचारला नव्हता. त्यांना अडकल्याचा भाग पुरेसा होता.

तर पुतणी शिडी धरून खाली उभी राहिली आणि म्हणाली, काका, खाली बघायचं नाही. समोरच्या कौलाकडे बघा, त्यावरची कंपनीची अक्षरं वाचा, आणि पायाने चाचपत पायरी शोधा. ह्यांनी अक्षरं मोठ्याने वाचायला सुरुवात केली, डावा पाय खाली सोडला, आणि पायाला पायरी पहिल्या झटक्यात लागली. दुसरीही. डोळ्यांना अठरा फूट वाटत होतं, पायाला पायरी कुठे आहे ते अगदी नेमकं ठाऊक होतं.

यावरही त्या व्हर्जिनियावाल्यांचा एक प्रयोग आहे, आणि मला सगळ्यात आवडला तो हाच. उताराच्या माथ्यावर काही जणांना चाकाच्या फळीवर, म्हणजे स्केटबोर्डवर उभं केलं, काहींना तेवढ्याच उंचीच्या खोक्यावर. स्केटबोर्डवर ज्यांची गाळण उडाली त्यांना उतार जास्त तीव्र वाटला. तोंडाने सांगितलं तरी, आकृतीवर दाखवलं तरी. पण तळहाताखाली एक हलती पाटी देऊन, तिच्याकडे न बघता उताराइतकी कलती करा म्हटलं, तर घाबरलेल्यांचा हातही बरोबर कोन दाखवत होता. मन घाबरलेलं, डोळा फसलेला, हात मात्र शाबूत.

"हिरकणीसारखं," वैनी मागून म्हणाल्या. त्या केव्हा आल्या कळलंच नाही. "ती रात्री उतरली, म्हणून उतरली. दिसलं कुठे तिला?"

"अगो, कोजागिरी होती," भाऊ म्हणाले. "लख्ख चांदणं."

आता इथे मी मध्ये पडले, कारण एकतीस वर्षं भूगोल शिकवलाय. हिरकणीचा बुरूज रायगडाच्या पश्चिम अंगाला आहे. पौर्णिमेचा चंद्र सूर्य मावळताना पूर्वेला उगवतो आणि मध्यरात्री डोक्यावर येतो. गडाचे दरवाजे बंद झाले संध्याकाळी, ती वर अडकलेली, घरी तान्हं पोर, बाई काय मध्यरात्रीपर्यंत वाट बघत बसणार आहे? तेव्हा गडावर कितीही चांदणं असो, पश्चिमेचा कडा आपल्याच सावलीत. तिला दिसला असेल तो हाताखालचा दगड आणि पायाखालची खाच. लहानपणी मी ऐकलेल्या गोष्टीत पुढे असंही होतं की महाराजांनी दुसऱ्या दिवशी तिला तो कडा उजेडात दाखवायला सांगितला, आणि तिने खाली पाहिलं तर तिचेच पाय कापायला लागले. आख्यायिका आहे, खरंखोटं कोण सांगणार! पण ज्याने कोणी ही शेवटची ओळ जोडली, तो स्वतः कुठल्यातरी कड्यावर अडकलेला असणार.

भाऊ काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या पपईकडे पाहिलं, मग पडवीकडे, आणि पुन्हा पपईकडे.

पुतणीने जाता जाता ह्यांना ग्योथेची गोष्ट सांगितली. जर्मन कवी, शिकायला स्ट्रासबुर्गला होता, १७७० च्या सुमारास. उंचीची घेरी यायची. तर हा गडी तिथल्या कॅथेड्रलच्या मनोऱ्यावर पुन्हा पुन्हा चढायचा आणि जेमतेम हातभर जागेवर उघड्या हवेत उभा राहायचा, सवय होईपर्यंत. गेली त्याची भीती. आता हेच डोळ्यांवर चष्म्याचं यंत्र लावून, खोलीत बसून करतात. ऑक्सफर्डच्या मंडळींनी २०१८ साली शंभर माणसं घेऊन तपासलं. ज्यांनी उपचार घेतला त्यांची भीती सरासरी दोनतृतीयांशाने उतरली. ह्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

शाकारणी अजून अर्धीच झाली आहे. मुंबईहून गडी यायचाय, आणि पश्चिमेला ढग दिसायला लागलेत. भाऊ म्हणाले, उरलेली कौलं मी बदलून देतो, त्यात काय एवढं? काल सकाळी चढलेही. बारा मिनिटं झाली, पंधरा झाली, कौलांचा आवाज थांबला. मग वरून खोकल्यासारखं काहीतरी आलं.

"बाई, त्या कौलांवर अक्षरं आहेत म्हणालात ना, ती कुठल्या बाजूला?"

वैनींना मी अजून सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.